पाणी मुरेपर्यंत

बोटीवर जायच्या आदल्या दिवशी माणूस बॅग भरतो, औषधं घेतो, दाढीचं सामान शोधतो. दादानं यातलं काहीच केलं नाही. तो काचेची एक भलीमोठी टाकी घेऊन आला. जिन्याच्या वळणावर ती अडकली, हमाल घामाघूम झाले, शेजारचं दार फटभर उघडलं आणि पुन्हा लागलं. शेवटी टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला टेकली. दादानं तिच्यात वाळू ओतली, पाणी भरलं, पंप लावला, हिरवी रोपं खोचली आणि दिवेलागणीच्या आत फुगलेल्या पिशव्यांमधून मासे आणून सोडलेसुद्धा. सगळे एकदम. लग्नघरी बस भरून पाहुणे उतरावेत तसे.

"घर कसं भरल्यासारखं वाटतंय, नाही?" असं म्हणून त्यानं हात पुसले, आणि दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. तो बोटीच्या इंजिनावर काम करायचा. गेला की महिनोन् महिने त्याचा पत्ता नसे.

मागे राहिल्या दोघी. एक त्याची बायको आणि दुसरी त्याची धाकटी बहीण, ताई.

ताई राहत होती ती जुनी इमारत पाडायला काढली होती, म्हणून दुसरी खोली मिळेपर्यंत ती भावाकडे आली होती. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या नंबरांच्या काचांतून बघून बघून संध्याकाळी तिला सगळा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा दिसे. दिवे विरघळलेले, माणसं तरंगत चाललेली. त्याचं तिला वाईट वाटत नसे. उलट दिवसातला तेवढा वेळ तिचा एकटीचा असे.

वहिनी वयानं तिच्याहून लहान. दादानं लग्न उशिरा केलं होतं. त्यामुळे मोठ्या भावाची बायको म्हणून ही तिला वहिनी म्हणायची आणि वयानं मोठी म्हणून ती हिला ताई म्हणायची. दोघीही एकमेकींना अहो-जाहो करत. वहिनी पोहायच्या तलावावर शिकवायला जायची. पहाटे जायची, दुपारी येऊन जेवायची, पुन्हा जायची. तिच्या केसांना, टॉवेलला, अगदी तिच्या हातच्या पोळीलासुद्धा तलावाच्या औषधाचा मंद वास यायचा.

भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर बरं झालं असतं. दोघी एकमेकींशी इतकं चांगलं वागायच्या, की घरात मोकळा श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. "तुम्ही घ्या ना." "नको, तुम्हीच घ्या." असं करत ताटातली शेवटची पोळी वाळून कडक व्हायची. वहिनीला ताईची एकच सवय खुपायची. ताई जिथून आली होती तिथं नळाचा भरवसा नसे, म्हणून ती रोज रात्रीची निजायच्या आधी घरातली बादली, पातेलं, घागर, जे दिसेल ते भरून ठेवायची. वहिनी सकाळी अंधारात त्यांना ठेचकाळायची, पण बोलायची नाही. फक्त हसायची. त्या हसण्यानं ताईला जास्त लागायचं.

आणि मग हे मासे.

निघताना जिन्यावर दादा ताईच्या कानाशी म्हणाला होता, "चिमणे, माशांवर लक्ष ठेव. हिच्याच्यानं व्हायचं नाही ते. पण तिला बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल." दादानं विश्वासानं सांगितलेलं. ताईनं ते मनावर घेतलं. वहिनी पहाटे बाहेर पडली की ताई चिमूटभर खाणं पाण्यावर टाकायची. संध्याकाळी आली की पुन्हा. खाणं कधीही टाका, मासे हावऱ्यासारखे वर धावत. ताईला वाटे, बिचारे उपाशी आहेत, कोण बघतंय त्यांच्याकडे?

हळूहळू तिला त्या टाकीची ओढ लागली. दुकानातून आली की ती दिवा लावायची नाही. फक्त टाकीचा दिवा. चष्मा काढून बाजूला ठेवायची आणि जमिनीवर बसायची. चष्म्याशिवाय मासे मासे राहत नसत, रंगांचे नुसते ओघळ होत. एक केशरी रेघ जायची, तिच्यामागून चांदीचा धूर. पंपाचा आवाज चालूच असे, कोणीतरी शेजारच्या खोलीत झोपेत बोलावं तसा. कधी तिला वाटायचं आपणच आत आहोत आणि ते सगळे बाहेरून आपल्याकडे बघतायत. जिन्यावर वहिनीची पावलं वाजली, की ती घाईनं चष्मा लावून उठायची, चोरी पकडल्यासारखी.

त्यातला एक मासा तिचा विशेष लाडका. उभट, चपटा, अंगावर काळेपांढरे पट्टे आणि खाली लांब लोंबणारे पर. इतरांच्या गर्दीत न शिरता तो कडेनं, गंभीरपणे, काळा कोट घातल्यासारखा फिरायचा. ताईनं त्याचं नाव ठेवलं होतं वकीलसाहेब.

एके दिवशी पाणी धुरकट झालं. पेलाभर पाण्यात थेंबभर दूध पडावं तसं. ताईला ते आधी आवडलंच. धुकं पडलंय आणि धुक्यातून मासे येतायत, जातायत. पण दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब दगडाला अंग घासताना दिसले. एकदा घासलं, दोनदा घासलं, मग एकदम झटका देऊन पळाले, जणू कोणी चिमटा काढला. ताईनं चष्मा लावला. तेवढ्यानं भागेना, म्हणून तिनं पिशवीतून दुकानातलं भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं.

पांढरे ठिपके. शेपटीवर, परांवर, डोळ्याच्या कडेला. बारीक साखर भुरभुरवल्यासारखे. केशरी माशांवरही होते. छोट्या निळ्या माशांवर तर इतके, की त्यांचा निळा रंगच फिका पडला होता. मासे एका जागी थरथरत उभे होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते.

दादाला काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी दुकानातून निघून ती मासे विकणाऱ्याकडे गेली. ते दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत काचेच्या टाक्या, आणि टाक्यांमधूनच काय तो उजेड. आत पाऊल टाकलं की बाहेरच्या गाड्यांचा आवाज बंद. दुकानदार जाडजूड माणूस, पण बोलायचा इतकं हळू, की मासे झोपलेत आणि त्यांना उठवायचं नाही असं वाटावं. बोलताना मधेच जांभया द्यायचा. ताईलाही जांभई आली.

"ठिपके ना? पांढरे?" तो म्हणाला. "होतं असं नव्या टाकीत. पाणी कोवळं असतं हो."

"कोवळं?"

"नवीन पाणी कोवळंच. लोणचं मुरतं तसं पाणी मुरावं लागतं. माशांची घाण पचवणारे बारीक जीव त्या पाण्यात तयार व्हायला वेळ लागतो. तोवर थोडेच मासे सोडायचे, थोडंच खायला घालायचं. एकदम भरले, वर खाणं जास्त झालं, की घाण साठते, मासे अशक्त होतात आणि रोगाला आयतंच सापडतं."

"पण तुम्हीच विकलेत ना सगळे एकदम?"

दुकानदारानं एक मोठी जांभई दिली. "बोटीवाले साहेब ना ते? मी म्हटलं त्यांना, टाकी नुसती चालू ठेवा काही आठवडे. म्हणाले, वेळ नाही. तेवढा आग्रह मी करायला हवा होता, पण गिऱ्हाईकाला किती नाही म्हणणार?" मग त्यानं फळीवरून एक छोटी गडद बाटली काढली. "थेंब मोजून घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. दिवा लावायचा नाही, उजेडानं औषध मरतं. पाणी थोडं थोडं करून कोमट करा, आणि हवेचे बुडबुडे चालू ठेवा." तो क्षणभर थांबला. "काय साथच आहे की काय. सकाळी आणखी एक बाई येऊन गेल्या, त्यांचीही हीच तक्रार."

ताईनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. शहरात मासे पाळणारी ती एकटीच थोडी होती.

घरी आली तेव्हा दिवस मावळत होता. खोलीत उजेड असा नव्हताच. टाकीचा दिवा आधीच बंद होता. वहिनीनं वीज वाचवायला बंद केला असेल, असं तिला वाटलं आणि तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. तिनं अंदाजानं झाकण उचललं, खिडकीशी जाऊन थेंब पेल्यात मोजले, आणि पेला काळ्याशार पाण्यात हलकेच रिकामा केला. मग टाकीवर एक जुनी चादर घातली. वहिनी आली तेव्हा चादरीकडे बघून काही बोलली नाही. ताईही बोलली नाही. दोघी जेवल्या. भात छान झालाय, असं दोघी एकमेकींना म्हणाल्या.

सकाळी तलावाला सुट्टी होती. खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा दोघी एकाच वेळी, एक स्वयंपाकघरातून आणि एक आतल्या खोलीतून, टाकीपाशी आल्या. ताईनं चादर ओढली.

टाकीत शाई होती. निळी, गर्द, दौतीतली वाटावी अशी शाई. आणि तिच्या पृष्ठभागावर सगळ्या माशांची तोंडं, उघडमीट करणारी, हवा मागणारी.

"अगं बाई!" वहिनी ओरडली. "इतकं निळं कसं झालं? मी तर मोजून थेंब घातले होते!"

"तुम्ही घातले?" ताई म्हणाली. "कधी?"

"काल दुपारी. तुम्ही... तुम्ही पण?"

ताईनं मान हलवली.

वहिनीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग तलावात कोणी बुडायला लागल्यावर ती जशी ओरडत असेल, तशी ओरडली, "अगं बघत काय बसलीस, बादली आण!"

घरात आल्यापासून वहिनीनं तिला पहिल्यांदाच "अगं" म्हटलं होतं. पण ते ध्यानात यायला तेव्हा वेळ नव्हता. ताई बादली घेऊन नळाकडे धावली.

"नळाचं नको!" वहिनीनं तिचा हात धरला. "त्यात आमच्या तलावातलंच औषध असतं. ते उडून जायला रात्र जावी लागते. ताजं पाणी घातलं तर सगळेच मरतील. आता शिळं पाणी कुठून आणायचं?"

दोघींनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्याखाली ओळीनं भरलेली पातेली, घागर, दोन बादल्या, कोपऱ्यातलं पिंप. रात्रभर मुकाट्यानं उभं राहिलेलं पाणी.

"देव भलं करो तुझ्या पातेल्यांचं," वहिनी म्हणाली, आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली.

मग सकाळभर त्या पाणी काढत होत्या आणि पाणी घालत होत्या. वहिनी रबरी नळीनं निळं पाणी बादलीत ओढायची, ताई ते मोरीत ओतायची आणि स्वच्छ पाणी कोमट करून, पेल्यापेल्यानं, काचेच्या कडेनं सोडायची. फरशी निळी झाली. दोघींच्या बोटांना, वहिनीच्या गालाला निळे डाग पडले. ताईचा चष्मा शिंतोड्यांनी भरला, तो तिनं काढून ठेवला, आणि मग सगळी सकाळच तिला एक लांबलचक निळी हालचाल वाटू लागली. नळीतून खळखळ, बादलीची कडी, वहिनीचा आवाज कुठूनतरी लांबून, "हळू, हळू, आता थांब, आता थोडं."

पाणी आभाळाच्या रंगाचं झालं तेव्हा मासे एकेक करून खाली उतरले. दोघी भिंतीला टेकून ओल्या फरशीवरच बसल्या.

"मला वाटलं होतं तुम्हाला... तुला माशांचं काही नाही," ताई म्हणाली. "म्हणून मीच रोज खायला घालत होते. सकाळी, संध्याकाळी."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "मी पहाटे जाताना घालायचे. आणि दुपारी जेवायला आले की पुन्हा."

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आहे. इथं उलटंच झालं होतं. दोन हातांचे पाहुणे खाऊन खाऊन आजारी पडले होते.

"पण मला न सांगता का घालायचीस तू?" ताईनं विचारलं.

वहिनीनं निळ्या बोटांकडे पाहिलं. "तुझ्या दादानं सांगितलं होतं. म्हणाले, माशांवर तू लक्ष ठेव, चिमणीच्याच्यानं व्हायचं नाही. पण तिला बोलू नकोस, वाईट वाटेल."

ताईला आधी राग आला. मग तिच्या पोटातून असं हसू वर आलं, की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दादानं जिन्यावर आपल्यालाही अगदी हेच सांगितलं होतं, हे तिनं कसंबसं सांगितल्यावर वहिनीही हसायला लागली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या आणि टाकीतले मासे, जरा सावरलेले, त्यांच्याकडे बघत होते.

त्यानंतरचे दिवस ताईला नंतर कधी नीट आठवले नाहीत. निळ्या धुक्यात गेल्यासारखे गेले ते. औषध आता ठरल्या मापानं आणि एकाच हातानं जायचं. कोणाचा हात, हे त्या रोज ठरवायच्या. दिवा बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, त्यामुळे भर दुपारीही खोलीत पाण्याखालचा उजेड असायचा. भिंतीवर, छतावर, दोघींच्या चेहऱ्यांवर निळसर लाटा हलायच्या. आवाज मोठा करावासा वाटत नसे. दोघीही मासेवाल्यासारख्या हळू बोलायला लागल्या, आणि हळू बोलताना माणूस खरं बोलतं म्हणतात, तसं झालं.

वहिनी सांगायची, तलावावर मोठी माणसं पहिल्यांदा येतात ती कशी घाबरलेली असतात. "मी त्यांना पोहायला नाही शिकवत पहिले काही दिवस. नुसतं पाठीवर पडून राहायला शिकवते. माझा तळहात त्यांच्या मानेखाली असतो. मग कधीतरी मी तो काढून घेते आणि त्यांना कळतच नाही." ताई सांगायची, चष्मा घ्यायला आलेलं माणूस पहिल्यांदा नवी काच डोळ्याला लावतं, तेव्हा त्याचा चेहरा कसा लहान मुलासारखा होतो. "पण मागे बसते ना मी, मला तो दिसत नाही. फक्त आवाज येतो. 'अरेच्चा!' असा."

एकदा वहिनी काचेला बोट लावून म्हणाली, "आज नवरी जरा बरी दिसतेय."

"कोण नवरी?"

"ही काय. पट्ट्यापट्ट्यांची. कशी शालू सावरत, खाली मान घालून चालते बघ."

"तो वकीलसाहेब आहे!"

"वकील? जा गं. इतका नाजूक वकील असतो का कुठं?"

त्यावर बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं, की ताईच्या बाजूच्या काचेशी आला की तो वकील आणि वहिनीच्या बाजूला गेली की ती नवरी.

ठिपके एके दिवशी नाहीसे झाले. भिंग लावून पाहिलं तरी एकही नाही. दोघींना वाटलं, सुटलो. ताई आनंदाची बातमी द्यायला मासेवाल्याकडे गेली, तर त्यानं मान हलवली. "पडले ते ठिपके, बाई. मेले नाहीत. अंगावरून गळून खाली वाळूत जातात, तिथं एकाचे शंभर होतात आणि पुन्हा वर निघतात मासा शोधत. अंगावर असताना औषध त्यांना शिवत नाही. मोकळे पोहत असतात तेवढ्यातच मरतात. आत्ता औषध थांबवलंत तर सगळी मेहनत पाण्यात."

तोपर्यंत त्यांनी एक दिवस औषध चुकवलं होतं. ठिपके परत आले, आणि या वेळी माशांच्या अंगात पहिल्यासारखी ताकद नव्हती. छोटे निळे मासे एकेक करून गेले. सकाळी त्यातला एखादा वाळूवर आडवा दिसायचा, विझलेल्या काडीसारखा. वहिनी जाळीनं उचलायची आणि ताई खिडकीतल्या कुंडीत पुरायची.

वकीलसाहेब म्हणा की नवरी म्हणा, एका सुट्टीच्या दुपारी गेला. सकाळपासून तो टाकीच्या मधोमध स्थिर उभा होता, एका बाजूला किंचित कललेला. दोघी समोर बसून होत्या. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बुडबुडे वर जात होते. ताईचा डोळा लागला असावा, कारण तिला दिसलं की खोली पाण्यानं भरलीय, अगदी छतापर्यंत, आणि त्या पाण्यात त्या दोघी पाठीवर पडून तरंगतायत, आणि काळेपांढरे पट्टे त्यांच्यामधून, लांब पर ओढत, उघड्या खिडकीकडे जातायत. घाई नाही, दुखणं नाही. तिनं डोळे उघडले. वहिनी मुसमुसत होती. मासा रोपांच्या मुळाशी आडवा झाला होता.

"मी आज पहाटे त्याला वकीलसाहेब म्हटलं," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, तुझ्या नावानं तरी थांबेल."

ताईनं तिचा हात हातात घेतला. त्याला तलावाचा वास होता. तो वास आपल्याला कधीपासून आवडायला लागला, हे तिला आठवेना.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. लांबचा, खरखरता. दोघींनी फोन मधे ठेवला आणि दोन्ही बाजूंनी कान लावले.

"मासे कसे आहेत?"

"तुम्ही कोणाला विचारताय?" वहिनी म्हणाली. "मला की चिमणीला?"

दादा ओशाळून म्हणाला, "कळलं का तुम्हाला?"

"दादा, अरे टाकी आधी रिकामी ठेवायची असते, हे दुकानदारानं तुला सांगितलं होतं ना?" ताईनं विचारलं. "मग सगळे एकदम का सोडलेस?"

दादा म्हणाला, "रिकामी टाकी ठेवून कसा जाणार होतो गं? तुम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसला असतात. म्हटलं, काहीतरी हलतं असावं घरात."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याला बोलायचं ते सगळं त्यांनी मनात तयार ठेवलं होतं, पण ते कोणीच बोललं नाही. "बरेच गेले," वहिनी हळूच म्हणाली. "थोडे आहेत. जगतील ते."

आणि ते जगले. या वेळी दोघींनी औषध चुकवलं नाही, ठिपके गेल्यावरही नाही. मग दुकानदारानं दिलेली कोळशाची पिशवी पंपात घातली आणि पाण्यातला निळा रंग कणाकणानं फिका होत गेला. एके सकाळी पडदा सारला तेव्हा टाकीत पाणी आहे की नाही हेच कळेना, इतकं ते नितळ होतं. केशरी मासे हवेत लोंबकळल्यासारखे दिसत होते. काचेच्या कडेला हिरवट शेवाळाची साय धरली होती. ताई ती पुसायला निघाली, तर वहिनी म्हणाली, "राहू दे. मुरतंय पाणी."

ताईसाठी खोली शोधणंही चालूच होतं. दुकानापासून जवळ एक मिळत होती. वहिनी म्हणाली, बघायला मी येते. तिथं गेल्यावर तिला खिडकी लहान वाटली. पुढच्या खोलीचा जिना अंधारा निघाला. त्यापुढची सगळी नीट होती, तर वहिनी बराच वेळ छताकडे बघून म्हणाली, "मला नाही पटत ही. का ते विचारू नकोस." ताईनं विचारलं नाही.

दादा परतला तेव्हा वाळलेला होता, आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याला घरात झोप येईना. इंजिनाच्या धडधडीत मेल्यासारखा झोपणारा माणूस, घरातल्या शांततेनं त्याला जाग यायची. दिवसभर तो पेंगुळलेला, उगाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायचा. टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "किती मोकळं मोकळं वाटतंय. आणखी आणू का?"

"आणा," वहिनी म्हणाली, "पण आधी मोरीतल्या बादलीत ठेवायचे. निरोगी आहेत हे दिसेपर्यंत."

"कधी दिसतं ते?"

"दिसेल तेव्हा," ताई म्हणाली.

तेव्हा दादाला पुढचे कितीतरी दिवस माशांच्या बादलीशेजारी, शिंतोडा उडू न देता, अंग चोरून आंघोळ करावी लागली. तो कुरकुरला, पण दोघींपुढे त्याचं काही चाललं नाही.

अशाच एका दुपारी ताई लवकर घरी आली. वहिनी दारातच उभी होती, ओठांवर बोट ठेवून. दादा टाकीपुढे जमिनीवर, हाताची उशी करून, गाढ झोपला होता. तोंड किंचित उघडं. पंप आपल्या संथ आवाजात चालू होता, आणि पाण्यातून आलेला उजेड त्याच्या पाठीवर हलत होता. श्वास पंपाच्या तालावर पडत होता. आठवड्याभराची झोप एकदम येऊन त्याच्यावर कोसळली असावी.

दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"जेवला?" ताईनं ओठांनीच विचारलं.

वहिनीनं नाही म्हणून मान हलवली. मग तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि जिन्याकडे खूण केली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. ताईनं दार ओढून घेतलं. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती बोटानं धरून ठेवली, दार पूर्ण टेकलं तेव्हा हळूच सोडली, आणि दोघी जिना उतरून उन्हात गेल्या.